पांढरी पाच

माझ्या नाट्यपदांच्या अल्बमसाठी वाद्यवृंदाचं संगीत लिहिणाऱ्या अरेंजरचा पहिला फोन आला तो पट्टीबद्दल. "ताई, तुमची पट्टी काळी चार ना? अर्धा सूर खाली येता येईल का?"

मी क्षणभर काही बोललेच नाही. बावीस वर्षं मी संगीत नाटकांत काळी चारमध्ये गातेय, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा माझा सा. सुभद्रा, शारदा, भामिनी, रुक्मिणी, सिंधू, सत्यवती, सगळ्या जणी माझ्या गळ्यातून त्याच पट्टीत बोलल्या. आमचे ऑर्गनवाले काका प्रयोगाआधी मला पट्टी विचारतसुद्धा नाहीत. येऊन बसतात आणि काळी चार धरतात. वरचा पंचम लावला की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, हे मला त्याच पट्टीत ठाऊक आहे.

अरेंजरने शांतपणे समजावून सांगितलं. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन अशा मिळवलेल्या असतात. मी काळी चारला षड्ज धरला, तर माझ्या सा, रे, प, ध यांतला एकही सूर मोकळ्या तारेवर येत नाही. सगळे सूर बोटांनी दाबून काढायचे, त्यामुळे तारांचा जो आपोआप घुमारा उठतो तो उठतच नाही. "चोवीस माणसं वाजवतील, पण खोलीचं दार लोटून घेतल्यासारखं ऐकू येईल. पांढरी पाचला आलात, तर हे चारही सूर मोकळ्या तारांवर पडतात. सगळी वाद्यं बोलायला लागतील."

मी म्हटलं, आठ दिवस द्या.

नाटकाच्या पदांचा अल्बम करायचा आणि तो पूर्ण वाद्यवृंदासह करायचा, ही इच्छा जुनी. माझं बालपण गोव्यात, अंत्रुज महालात गेलं. देवळाच्या उत्सवात मंडपात संगीत नाटक व्हायचं आणि ते पहाटेपर्यंत चालायचं. मी आजीच्या मांडीवर झोपून जायचे. पद सुरू होण्याच्या थोडं आधी आजी मला हलवून उठवायची. "ऊठ गो, आतां ती रुसतली." आता पद येणार, आता तान येणार, असं ती कधी म्हणाली नाही. ती रुसणार आहे, म्हणून उठ. मग भामिनी 'नाही मी बोलत नाथा' म्हणायची आणि मला खरंच वाटायचं, की ही आता त्याच्याशी बोलायची नाही.

घरी आजोबांची जुनी तबकडी होती, बालगंधर्वांची. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. रंगभूमीवर वन्स मोअर घेत घेत पाऊण तास रंगणारं पद त्या तीन मिनिटांत दुमडून बसवलेलं. तरी त्यातही एक गोष्ट शाबूत असायची. ते कुणाशी तरी बोलताहेत हे कळायचं. गंधर्व मंडळीच्या साथीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला होता. सारंगी गाणाऱ्याच्या मागून सावलीसारखी येते, जणू समोरचा माणूस मान डोलावतोय. आजच्या आमच्या प्रयोगांत ऑर्गन आणि तबला, फार तर एखादं व्हायोलिन. मला फार दिवस वाटत होतं, की या पदांना उत्तर देणारं काहीतरी हवं. पुढे कॉलेजात 'माय फेअर लेडी'च्या मूळ संचाची १९५६ सालची ध्वनिमुद्रिका ऐकली. त्यात रेक्स हॅरिसन गाण्यापेक्षा बोलतोच जास्त, आणि अख्खा ऑर्केस्ट्रा त्याच्या बोलण्याचा हात धरून चालतो. हे आपल्या पदांना का होऊ नये, हा प्रश्न तेव्हाच मनात बसला.

पदं निवडताना एकच नियम ठेवला: जे मी वेशभूषा करून, त्या भूमिकेत, प्रेक्षकांसमोर म्हटलंय तेच घ्यायचं. त्यामुळे मला अतिशय आवडणारी कित्येक पदं गेली. 'कट्यार काळजात घुसली' पूर्ण बाजूला राहिलं, कारण ते गाणं खाँसाहेबांचं आणि पंडितजींचं आहे, माझ्या वाट्याचं नाही. राहिली ती आठ. 'सौभद्र'मधलं 'वद जाऊ कुणाला शरण', 'शारदा'तलं 'मूर्तिमंत भीती उभी', 'मानापमान'मधलं 'नाही मी बोलत नाथा', 'स्वयंवर'मधलं 'नाथ हा माझा', 'एकच प्याला'तलं 'कशि या त्यजू पदाला', 'संन्यस्त खड्ग'मधलं 'मर्मबंधातली ठेव ही', 'मत्स्यगंधा'तलं 'गर्द सभोवती रान साजणी' आणि शेवटी 'ययाति आणि देवयानी'तलं 'हे सुरांनो, चंद्र व्हा'. १८८२ पासून १९६६ पर्यंतचा पल्ला. किर्लोस्करांपासून अभिषेकीबुवांपर्यंत.

यातलं पहिलं पद निवडताना मनाला एक गोष्ट लागून राहिली. किर्लोस्कर मंडळीत सुभद्रा करायचे भाऊराव कोल्हटकर. ते १९०१ साली गेले आणि तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण हिंदुस्थानात सुरू झालं १९०२ साली. ज्या गळ्यासाठी लोक वेडे झाले होते, त्याचा एक सूरही आपल्याकडे नाही. आपल्याला मात्र माइकसमोर उभं राहता येतंय, एवढी जाणीव त्या पदाच्या प्रत्येक तालमीत माझ्यासोबत होती.

एका कंपनीकडे आम्ही प्रस्ताव घेऊन गेलो होतो. त्यांचं म्हणणं, प्रत्येक पद तीन मिनिटांच्या आत बसवा, एकच अंतरा ठेवा आणि खाली रेडिमेड बीट टाका. मी नको म्हटलं आणि उठून आले. शंभर वर्षांपूर्वी तबकडीची मर्यादा होती म्हणून तीन मिनिटं होती. आज ती मर्यादा नसताना पुन्हा स्वतःहून तिच्यात शिरायचं, हे मला पटणं शक्य नव्हतं. पुढे गोवा, पुणे, सांगली, मुंबई इथल्या प्रेक्षकांनीच आगाऊ पैसे भरले, त्यावर काम उभं राहिलं.

तर ते आठ दिवस. पांढरी पाचमध्ये पहिले तीन दिवस मला माझाच आवाज परका वाटला. वरचे सूर सहज लागत होते, पण त्यांना ती धार नव्हती. चौथ्या दिवशी 'मूर्तिमंत भीती उभी' घेतलं. शारदा ही लहान मुलगी आहे, तिचं लग्न म्हाताऱ्याशी ठरलंय आणि ती घाबरलीय. बावीस वर्षं मी ती भीती शेवटच्या रांगेपर्यंत फेकत आले. इतकं घाबरलेलं मूल ओरडत नाही, त्याचा आवाज आत जातो. अर्धा सूर खाली आल्यावर त्या पदाचे शब्द छातीजवळ आले आणि बोलल्यासारखे निघाले. मी अरेंजरला फोन केला, पांढरी पाच.

मग सुरू झालं लिखाण. आपल्याकडे पद लिहून घ्यायचं म्हणजे चाल आणि मात्रा. तिथे प्रत्येक वाद्याचं वेगळं पान, प्रत्येक सूर किती लांब, किती हळू, सगळं लिहिलेलं. पहिला मसुदा संगणकावर ऐकवायला अरेंजर घरी आला. 'नाथ हा माझा' लावलं. राग यमन, त्यात मध्यम तीव्रच लागतो. सगळं सुंदर चाललं होतं आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी माझ्या अंगावर काटा आला, वाईट अर्थाने. खाली कुठेतरी शुद्ध मध्यम वाजत होता.

माझ्या सुरावटीत नव्हता. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून थोडी मोठी, खालच्या सुरांची वाद्यं, हलकेच घेऊन जात होते, मागे, कुणाच्या लक्षातही येणार नाही असा. पण यमनात तो आला की घरात अनोळखी माणूस शिरल्यासारखं होतं. अरेंजरने पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. पाश्चात्त्य पद्धतीत षड्जावर परत यायचं तर आधी पंचमावरचा सुरांचा गुच्छ घेतात, आणि त्यात पंचम, निषाद, रिषभ यांच्या जोडीला हमखास शुद्ध मध्यम येतो. त्याच्या हाताची ती सवय होती, आपल्या हाताला मुखड्याआधी तिहाईची असते तशी. मग आम्ही आठही पदांची पानं घेऊन बसलो, रागात नसलेला सूर कुणाच्याही वाट्याला गेलाय का ते बघत. अकरा जागा निघाल्या. काही ठिकाणी त्याने गुच्छच काढून टाकला आणि सगळ्यांना नुसता सा-प दिला. तेवढ्यानेही पद भरून येत होतं. 'हे सुरांनो'ला मात्र अडचण आली नाही. त्याच्या चारुकेशी रागात पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, शुद्ध गंधार आणि उत्तरांगात, वरच्या अर्ध्यात, कोमल धैवत, कोमल निषाद. पूर्वांगात उजेड, उत्तरांगात सावली. गुच्छ करायला तो राग आपणहून जागा देतो.

दुसरी गाठ तानांची होती. लिहिलेलं वाचून वाजवणाऱ्या माणसाला मी किती आवर्तनं आलाप घेणार हे आधी माहीत हवं. आणि मला ते आधी माहीत नसतं. माझे बुवा सांगायचे, पाठ केलेली तान प्रेक्षकाला दोनदा ऐकू येते, एकदा तुझ्या डोळ्यांत आणि एकदा गळ्यात. शेवटी तोडगा निघाला तो जुन्या साथीच्या रिवाजातूनच. माझ्या मोकळ्या जागी वाद्यवृंदाने एक लांब सूर धरून थांबायचं. किती वेळ, ते मोजायचं नाही. मी हवं तितकं फिरावं, पण परतताना मुखड्याचे पहिले चार शब्द ठरल्या वजनानेच घ्यायचे. ते कानावर पडले की अरेंजरचा हात खाली येणार आणि समेवर चोवीस जण माझ्यासोबत. मी बाकी सगळं मोकळं ठेवलं, हा शब्द मात्र पाळायचा.

वादकांची पहिली तालीम दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. पावसाळा होता. आठ पहिली व्हायोलिन, सहा दुसरी, चार व्हायोला, तीन चेलो, एक डबल बेस, एक बासरी, एक ओबो, हेही फुंकून वाजवायचं वाद्य. बाजूला आमचे काका ऑर्गन घेऊन, आणि तबला. वादकांत बरीच तरुण मुलं होती, पण पाच-सहा जण सत्तरीचे, मूळचे गोव्याचे. पोर्तुगीज काळापासून गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवायचे. तिथून शिकून आलेल्या माणसांनी हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालजींचे गुरू, यांनी तर १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात रागांवर आधारलेलं संगीत मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं होतं. म्हणजे आम्ही करत होतो ते काही नवं नव्हतं. रस्ता त्या माणसांनी आधीच चालून ठेवला होता. पुढे सिंथेसायझर आले, संगणक आले आणि एकत्र बसून वाजवायची कामं कमी होत गेली.

त्यांच्यातले एक अंकल पहिल्या व्हायोलिनच्या रांगेत होते. 'कशि या त्यजू पदाला' समोर आलं. बाकीचे गज वर की खाली याच्या खुणा पेन्सिलीने पानांवर करत होते. अंकलनी पेन्सिल उचलली नाही. ते माझ्याकडे बघून कोकणीत म्हणाले, "गो बाय, हें ती कोणाक म्हणटा?"

हे ती कुणाला म्हणते. हॉलमधल्या माझ्या गोव्याच्या मंडळींनी माना वर केल्या.

मी त्यांना सिंधूची गोष्ट सांगितली. नवरा दारूत बुडालाय, माहेरची माणसं न्यायला आलीत, आणि ती म्हणते, हे पाय सोडून मी कशी येऊ. अंकल म्हणाले, "म्हणजे समोर माहेरचे आणि पायाशी नवरा. दोघं ऐकतायत." मी म्हटलं, हो. "मग जोरात नाही वाजवायचं. माहेरच्यांना ऐकू जायला हवं, पण नवऱ्याला लागायला नको." आणि त्यांनी पानावर गजाच्या खुणा केल्या, प्रत्येक ओळ खालून वर जाणाऱ्या गजाने सुरू होणारी. गज टोकाकडून सुरू झाला की सूर अंगावर आदळत नाही, हळूच उगवतो. मग शेजारच्याने त्यांचं पान बघून आपलं पान बदललं, आणि रांगेने सगळ्यांनी बदललं.

त्या दिवसापासून प्रत्येक पदाच्या आधी मी तोच प्रश्न मोठ्याने सोडवायचा, असं ठरून गेलं. 'वद जाऊ कुणाला शरण' कुणाला? इथे तर प्रश्नच तो आहे, कुणाकडे जाऊ. सुभद्रेला समोर माणूसच सापडत नाही. मग अरेंजरने पहिल्या चार ओळींत मला कुणाचंच उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. नुसता ऑर्गन आणि तबला. तारा येतात त्या नंतर.

ऑर्गनने मात्र आमची सगळ्यांची परीक्षा घेतली. काकांचा ऑर्गन जुना, परदेशी बनावटीचा, पायाने भाता मारायचा. आजची वाद्यं पांढरी सहाचा सूर सेकंदाला ४४० कंपनांवर धरून मिळवलेली असतात. हा ४४५ च्या आसपास चढा निघाला. आतल्या सुरांच्या धातूच्या पत्त्या पुन्हा घासायला काका कबूल होईनात आणि मलाही ते नको होतं. त्या सुरात त्यांचं सगळं आयुष्य गेलंय. एरवी वाद्यवृंदात ओबो सूर देतो आणि बाकीचे त्याला मिळवतात. आमच्याकडे ऑर्गनच्या तीन पदांना काकांनी सूर दिला आणि चोवीस जणांनी कान लावले. तारांनी खुंट्या पिळल्या. बासरीने आपलं तोंड किंचित आत सरकवलं. ओबोला काही केल्या तेवढं वर येता येईना. त्या तीन पदांत ओबो नाही. वादक तरुण मुलगी होती, ती म्हणाली, "मी बसून ऐकते," आणि तिन्ही दिवस खरंच मागे बसून ऐकत राहिली.

मुद्रणाच्या पहिल्या दिवशी आम्ही एक चूक केली. स्टुडिओत सुरक्षित म्हणून क्लिकवर वाजवायचं ठरलं. क्लिक म्हणजे प्रत्येकाच्या कानात हेडफोनमधून ठोका. त्यावर वाद्यं आणि आवाज वेगवेगळे मुद्रित करता येतात, नंतर जोडता येतात, चुकलं तर तेवढाच तुकडा बदलता येतो. मी काचेच्या खोलीत, हेडफोन लावून, माइककडे तोंड करून. 'नाही मी बोलत नाथा' घेतलं. सूर बरोबर, लय बरोबर, शब्द बरोबर. ऐकायला बसलो तेव्हा कुणी काही बोललं नाही.

ते पद रुसण्याचं आहे. रुसलेल्या बाईची लय कधी एकसारखी असते का? ती 'नाही'वर अडते, त्याच्याकडे बघते, तो मनवायला येतोय का याची वाट बघते, मग पुढचा शब्द घाईने टाकते. गोविंदराव टेंब्यांच्या चालीत ती अडण्याची जागा आहे. ठोक्याने ती बुजवून टाकली होती. आजीने त्या मुद्रणासाठी मला उठवलं नसतं, एवढंच माझ्या मनात येत राहिलं.

रात्री अरेंजर म्हणाला, "क्लिक काढू या." त्याचा अर्थ काय होतो ते त्याला पूर्ण माहीत होतं. सगळ्यांनी एकदम वाजवायचं, मी एकदम गायचं, एकाचं चुकलं की सगळ्यांनी पुन्हा. दिवसाला तीन पदं ठरली होती ती दोनवर येणार, म्हणजे पैसे वाढणार. ते कसे उभे केले ते सांगत बसत नाही, उभे केले.

दुसऱ्या दिवशी काचेच्या खोलीतला माइक फिरवून घेतला, म्हणजे मला अरेंजरचा हात आणि अंकलचा चेहरा दिसेल. 'कशि या त्यजू पदाला'ला मी रंगमंचावर नेहमी नवऱ्याच्या पायाशी बसते. इथे उभी राहून गायला लागले आणि दोन टेक वाया गेले. मग इंजिनिअरला म्हटलं, माइक खाली घ्या. त्याने स्टँड पार बुटका केला, जमिनीवर सतरंजी टाकली. मी पाय दुमडून बसले. बसल्यावर पोट दाबलं जातं, श्वास अर्धा मिळतो, लांब ओळी तोडाव्या लागतात. सिंधूचा श्वास तसाच असणार. तो टेक ठेवला. तिसऱ्या ओळीच्या मध्ये मी श्वास घेतलाय तो स्पष्ट ऐकू येतो, आणि त्याच क्षणी काकांच्या भात्याचा श्वासही.

त्या भात्यावरून नंतर थोडी ओढाताण झाली. ऑर्गन वाजायला लागण्याआधी पाय पडतो, चामड्याचा पट्टा ताणतो, लाकूड बारीक करकरतं आणि मग सूर येतो. इंजिनिअरला तो आवाज साफ करायचा होता. ज्याने संगीत नाटक पाहिलंय त्याला पडदा वर जाण्याच्या आधी तो करकर ऐकू आला, की नाटक सुरू झालं हे कळतं. मी हात जोडून सांगितलं, हा ठेवा. त्याने ठेवला, आणि पुढे त्यालाच तो इतका आवडला, की 'वद जाऊ'च्या सुरुवातीला त्याने तो थोडा उचलूनही घेतला.

पावसाने तबल्याला फार छळलं. मुद्रण चालू असताना वातानुकूलन बंद ठेवावं लागे, त्याची घरघर माइकमध्ये येते. बंद केलं की दहा मिनिटांत हवा दमट व्हायची आणि तबल्याची पुडी उतरायची. चालू केलं की पुन्हा चढायची. तबलजी प्रत्येक टेकनंतर हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसायचे. एकदा मी म्हटलं, फार त्रास होतोय तुम्हाला. ते म्हणाले, "ताई, अर्धा सूर तुम्ही उतरलात, तो तरी मी राखायला नको?"

'हे सुरांनो, चंद्र व्हा' शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. नेहमीप्रमाणे मी सांगायला लागले. शिरवाडकरांनी हे पद प्रियकराला उद्देशून लिहिलेलं नाही. तो लांब आहे. ती सुरांना सांगते, की तुम्ही चंद्र व्हा आणि माझं चांदणं त्याच्यापर्यंत पोचवा.

अंकलनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं. "सुरांक सांगता? म्हणल्यार आमकांच मगो."

सुरांना म्हणजे आम्हालाच. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं ते पद मी वर आकाशाकडे बघून म्हणत आलेय. माझ्या पुढ्यात वादक बसलेले असायचे आणि त्यांच्या डोक्यावरून माझी नजर जायची.

मी इंजिनिअरला म्हटलं, मला खोलीतून बाहेर यायचंय. मला त्यांच्यात उभं राहून हे म्हणायचंय. तो घाबरला, आणि त्याचं घाबरणं रास्त होतं. माझा आवाज सगळ्यांच्या माइकमध्ये शिरणार, त्यांची वाद्यं माझ्या माइकमध्ये. नंतर एक सूरही वेगळा काढता येणार नाही, बदलता येणार नाही. अरेंजरने त्याला म्हटलं, "बदलायचं नाहीच आहे."

चेलो आणि व्हायोला यांच्या मधोमध थोडी जागा केली. मी तिथे उभी राहिले. वाद्यवृंदाच्या आत उभं राहणं हा काय अनुभव असतो ते मला आधी माहीत नव्हतं. चेलोचा खालचा सूर कानाच्या आधी तळपायांना कळतो. लाकडी जमीन कापते. गजावर घासलेल्या रोझिनचा बारीक वास येतो. षड्ज लागला आणि चारही बाजूंनी मोकळ्या तारा वाजायला लागल्या, पांढरी पाच, पांढरी दोन, आणि मला पहिल्यांदा कळलं, की अरेंजर पहिल्या फोनवर काय सांगत होता. मी आवाज लावतच नव्हते. तो आधीच तिथे होता, मी त्यात पाऊल टाकत होते.

पहिल्या टेकला मी दुसऱ्या अंतऱ्यात रडले, तो गेला. दुसऱ्याला बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिसरा फार चांगला होता. चौथ्यात मी मुखड्यावर परतताना 'सुरांनो' या शब्दावर अंकलकडे बघितलं आणि त्यांनी मान हलवली, बोलावलं की माणूस 'ओ' देतो तशी. चौथा ठेवला. त्यात मागच्या कुणाच्या तरी खुर्चीचा एक आवाज आहे, शेवटच्या ओळीच्या आधी. तो तसाच आहे.

मिक्सिंगला तीन आठवडे गेले. त्यातलं एकच सांगते. 'मर्मबंधातली ठेव ही' पटदीपातलं. त्यातल्या कोमल गंधारावर मी मध्यमाचा कण घेऊन, जरासा हलवत उतरते. इंजिनिअरच्या मदतनिसाने रात्री बसून सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तो गंधार सरळ केला, भलेपणानेच, त्याला वाटलं सूर हलतोय. सकाळी ऐकलं तर गंधार पट्टीने आखल्यासारखा. त्याला जवळ बसवून मूळ आणि दुरुस्त दोन्ही लागोपाठ लावले. मग म्हटलं, आता डोळे मिटून ऐक, कुठल्यात बाई आहे? त्याने निमूटपणे मूळ परत बसवलं. पोरगा गुणी आहे. नंतर त्यानेच मला 'शारदा'च्या पदात एक जागा दाखवली, जिथे माझा 'भीती'तला 'ती' व्हायोलिनखाली दबला होता. नाट्यपदात शब्द दबला तर सगळंच दबलं. तो वर काढून घेतला.

डिसेंबरमध्ये आमच्या गावच्या देवळात उत्सव होता. अल्बम तोवर बाहेर आला होता, गावातल्या पोरांनी मंडपाच्या स्पीकरवर दुपारभर लावलाही होता. रात्री 'मानापमान'. मी भामिनीचा शालू नेसून विंगेत उभी होते. पुढ्यात काका ऑर्गनवर बसले, चष्मा पुसला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मागे वळून त्यांनी मला विचारलं, "बाय, काळी चार ना?"

मी म्हटलं, "पांढरी पाच."

त्यांनी मान वळवली आणि भात्यावर पाय ठेवला.